शिंजी बोलत नाही, मग नाटकात करायचं काय?

भरतीवेळ

मंडळी, आमच्या हौशी मंडळात महिनाभर एकच वाद चालू आहे. तो आमच्याने सुटत नाही, म्हणून हा धागा.

गाव देवगड आणि मालवणच्या मधलं, खाडीच्या तोंडाशी. मंडळात वीस-बावीस जण. दोन शिक्षक, एक पोस्टातला, चार होडीवाले, बाकी कॉलेजची पोरं. जत्रेला दशावतार होतोच, त्याशिवाय वर्षाला एक नाटक आम्ही करतो. यंदा कोवळ्या वयातल्या प्रेमाची गोष्ट करायची असं ठरलं. फक्त ती कॉलेजच्या कट्ट्यावरची नको, आपल्या पाण्यावरची हवी. ती मला सापडली थेट जपानात.

युकिओ मिशिमा यांची 'शिओसाई', १९५४ ची कादंबरी. मी वाचली ती मेरेडिथ वेदरबी यांच्या १९५६ च्या इंग्रजी भाषांतरातून. शिओसाई म्हणजे भरतीच्या लाटांचा आवाज. आपल्याला त्यासाठी एकच शब्द पुरतो, गाज. नाटकाचं नाव तिथेच ठरलं.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चौदाशे वस्तीचं एक बेट. अठरा वर्षांचा शिंजी दुसऱ्याच्या होडीवर कामाला जातो. बाप युद्धाच्या शेवटच्या वर्षात विमानातून झालेल्या गोळीबारात गेला. आई पाण्यात बुड्या मारून शिंपले-शेवाळ काढते आणि घर चालवते. धाकटा भाऊ शाळेत. गावातल्या श्रीमंत जहाजमालकाची मुलगी हात्सुए लहानपणी दुसऱ्या बेटावर दत्तक दिलेली, भाऊ वारल्यावर बापाने तिला परत आणलं. एका संध्याकाळी किनाऱ्यावर शिंजीला ती दिसते. दमलेली, होड्या ओढायच्या लाकडी चौकटीला टेकून समुद्राकडे बघत उभी. पुढे अफवा उठते, बाप भेटीगाठी बंद करतो, यासुओ नावाचा बड्या घरचा मुलगा मध्ये येतो आणि शेवटी वादळात शिंजीची परीक्षा होते.

पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, माणसांची नावं बदलली की ही आपलीच गोष्ट. तसं नाही हे तालमीला बसल्यावर कळलं.

अडचण अशी. शिंजी बोलतच नाही. कादंबरीत त्याच्या मनातलं लेखक सांगतो, आणि इतकं सुंदर सांगतो की तो गप्प आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. रंगमंचावर लेखक नाही. आमचं नाटक तर बोलण्यावरच उभं असतं. दशावतारात संहिता नसते, दोन नट समोरासमोर आले की शब्दाला शब्द लावत जातात, आणि प्रेक्षक त्यासाठीच रात्रभर जागतो. अशा प्रेक्षकांसमोर दोन अंक गप्प राहणारा नायक कसा उभा करायचा?

मी पहिला मसुदा लिहिला त्यात शिंजीला तीन स्वगतं दिली होती. पहिल्या वाचनाला आमच्यातला होडीवाला पोरगा, जो शिंजी करणार आहे, दुसऱ्या स्वगतावर थांबला. म्हणाला, "दादा, ह्यां मी कोणाक सांगतंय? असां मी आवशीकपण सांगलंय नसतंय." मी वही मिटली. त्याचं बरोबर होतं. तीन स्वगतं लिहिताना मी एक वेगळाच मुलगा तयार केला होता. वाचनालयात बसणारा, माझ्यासारखा.

आता मंडळात दोन तट आहेत. एक म्हणतो निवेदक घ्या. दुसरा म्हणतो यासुओला मोठा करा, मारामारी, गाणं, म्हणजे नायकाच्या गप्प बसण्याची भरपाई होईल. मला दोन्ही पटत नाही. या कादंबरीत प्रेम बोलण्यातून येतच नाही, ते कामातून येतं. तो जाळं ओढतो, ती पाणी भरते, आणि त्या ओढण्या-भरण्यात एकमेकांची जाण आहे. हे रंगमंचावर दाखवायचं कसं, एवढाच माझा प्रश्न.

चाकरमानी

कादंबरी वाचलेली नाही, पण निवेदकाच्या बाजूने माझं मत. शिमग्याला गावी आलेल्या माणसाला गोष्ट लगेच कळली पाहिजे. यासुओला मोठं करण्यातही काही वाईट नाही. खलनायक असला की नायकाची किंमत कळते.

ओळीबाहेर

चाकरमानी, खलनायकाबद्दल मला स्पष्ट विरोध नोंदवायचा आहे, कारण ही कादंबरी मी चार वेळा वाचली आहे.

यासुओ खलनायक नाही. तो आळशी, फुगलेला, बड्या घरचा मुलगा आहे. मध्यरात्री हात्सुए पाणी भरायला जाते तेव्हा तो तिच्यावर हात टाकू बघतो, तो प्रसंग गंभीरच आहे. पण तिथे त्याला हरवतं कोण? गांधीलमाशी. शिंजी तिथे नसतोच, आणि हात्सुए स्वतःच्या हुशारीने सुटते. यासुओला मोठा केला तर शिंजीला त्याच्याशी भिडावं लागेल, आणि मग हात्सुए नुसतं जिंकायचं बक्षीस होऊन बसेल. मूळ गोष्टीत ती तशी नाही. पडक्या मनोऱ्यातला प्रसंग आठवा. पावसात भिजलेले दोघं, मध्ये शेकोटी. "आगीवरून उडी मार" हे ती सांगते. आणि उडी मारून तो आल्यावर लग्नाआधी नको हेही तीच सांगते. दोन्ही शब्द तिचे आहेत. भरतीवेळ, तुमचा मुलगा गप्प आहे, पण मुलगी गप्प नाही. मसुद्यात तिला किती वाक्यं दिली आहेत ते एकदा मोजा.

भरतीवेळ

मोजली. पहिल्या अंकात अकरा. तुमचं म्हणणं खरं आहे, ताई. स्वगतांच्या नादात मी तिला विसरलो होतो.

पायपेटी

भरतीवेळ, दशावतारात नुसतां बोलणां असता असां म्हणतास, ता काय बरोबर नाय. माझ्या आजोबांनी चाळीस वर्सां पेटी वाजवली. ते सांगायचे, राजापेक्षा पखवाज जास्त बोलता. राजा रागान येता, बाकड्यार एक पाय ठेयता, मांडयेर हात मारता, आणि पखवाजाची थाप पडता. शब्द एक नाय. मागे बसलेल्या म्हातारेकपण कळता, आता लढाय होतली.

पुढचं सगळ्यांना समजावं म्हणून साध्या मराठीत लिहितो. दशावताराकडून तुम्ही संवाद घेऊ नका, बाकडं घ्या. एकच बाकडं राजाचं सिंहासन होतं, डोंगर होतं, रथ होतं. तुमच्याकडे होडी होईल, मनोऱ्याची पायरी होईल, हात्सुए टेकून उभी राहते ती चौकट होईल. मिशिमांनी स्वतः नो या जुन्या जपानी नाट्यप्रकाराच्या धर्तीवर आधुनिक नाटकं लिहिली आहेत. तिथेही रंगमंच जवळजवळ मोकळा असतो आणि वादक प्रेक्षकांसमोर बसतात. रिकाम्या जागेची त्या माणसाला भीती नव्हती, तुम्हीही बाळगू नका.

आणि दुसरी गोष्ट, गाऱ्हाणं. कादंबरीत शिंजी रात्री देवळाच्या पायऱ्या चढून समुद्राच्या देवापुढे नाणं टाकतो आणि मागणं मागतो. दर्या शांत असू दे, मासळी मिळू दे, आणि हळूच, हात्सुएसारखी बायको मिळू दे. हे आपल्याकडे कसं होईल ते सांगायला हवं का? गाऱ्हाणं आपल्याकडे एकटा माणूस घालत नाही. मानकरी घालतो, आणि सगळा गाव प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतो. शिंजी एकटाच, रात्री, चोरून गाऱ्हाणं घालतो असं दाखवा.

"बा दर्याच्या धन्या म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू तुझ्या पायाकडे इलो हा. दर्यो शांत ठेव म्हाराजा. आवशीच्या हाताक यश दी म्हाराजा. आणि... ता तुका ठाऊक आसा म्हाराजा."

प्रत्येक वाक्यानंतर तो थांबतो. सवयीने थांबतो, कारण तिथे "व्हय" यायला हवा. येत नाही, फक्त गाज येते. कोकणातला प्रेक्षक ती रिकामी जागा ऐकेल. तुमचं स्वगत तेच.

भरतीवेळ

पायपेटी, हे वाचून मी वही घेऊन किनाऱ्यावर जाऊन बसलो. "ता तुका ठाऊक आसा" ही ओळ मी ठेवणार. तीन पानांत मला जे सांगता आलं नाही ते तिथे आहे.

जुनं_गलबत

या विषयात मला समुद्राकडचं थोडं कळतं, नाटकाकडचं नाही. माझ्या वडिलांनी आणि चुलत्यांनी तांडेलकी केली, म्हणजे गलबत चालवलं.

पहिला प्रश्न, गोष्ट कुठल्या काळात घालणार? आजच्या काळात घातलीत तर मोबाइलमुळे अर्धी कथा कोसळते. अफवा गावभर फिरायला संध्याकाळ लागत नाही, आणि पाण्याच्या रांजणाच्या झाकणाखाली चिठ्ठ्या ठेवायला कुणी जात नाही. माझं ऐकाल तर १९५४ च ठेवा, कादंबरी निघाली तेच साल. आपल्याकडे तेव्हा मुंबई राज्य, मालवण-देवगड रत्नागिरी जिल्ह्यात. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा. दशमान नाणी १९५७ ला आली, म्हणजे तुमचा पोरगा देवापुढे आणा टाकेल. मुंबईला जायला बोट, आणि माल वाहायला शिडाची गलबतं. मंगळुरी कौलं, मीठ, नारळ.

मूळ कथेत हात्सुएचा बाप दोन्ही पोरांना आपल्या जहाजावर पाठवतो ना? ते जहाज म्हणजे गलबत करा. मे महिन्याची शेवटची खेप. पाऊस लागायच्या आत एक फेरी मारून घ्यावी असं प्रत्येक मालकाला वाटतं, आणि आभाळ कधी फिरेल ते कुणाच्या हातात नसतं. पावसाळ्यात गलबतं वर ओढून झापांनी शाकारतात आणि नारळी पुनवेला नारळ दिल्याशिवाय पाण्यात उतरत नाहीत. त्यामुळे ही खेप गेली की तीन महिने काही नाही, हे ताण वाढवायला चांगलं आहे. लग्नाचा निर्णयही तोवर अडकलेला.

वादळात मूळ पुस्तकात काय घडतं?

ओळीबाहेर

ओकिनावाच्या उंतेन बंदरात जहाज बोयाला बांधलेलं असतं. तुफानात तारदोर तुटतो. नवीन दोर बोयापर्यंत कुणीतरी पोहत न्यायला हवा. कप्तान विचारतो, कोण जाईल? यासुओ मान खाली घालतो. शिंजी म्हणतो, मी जातो. त्या सगळ्या प्रसंगात तो जवळजवळ एवढंच बोलतो.

जुनं_गलबत

मग आपल्याकडेही तेच. गलबत आडोशाला नांगरलेलं, नांगराचा दोर तुटलेला, खडकाकडे वाहत चाललेलं. दोर किनाऱ्यावर न्यायचा. कमरेला दोर बांधून पोहणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्याला विचारा. दोर भिजला की जड होतो, आणि लाट मागे ओढते ती दोरालाच धरून ओढते. पोहणाऱ्याला समुद्राशी एकदा आणि दोराशी एकदा असं दोनदा झुंजावं लागतं. नटाला हे सांगा. हात मारण्यापेक्षा त्याची कंबर दिसली पाहिजे.

तिसऱ्या विंगेतून

प्रकाशयोजना करतो, रत्नागिरीत. तीन मुद्दे.

शेकोटी. खरी आग नको, परवानगीही मिळणार नाही आणि गरजही नाही. सुपात ठेवलेला तांबूस दिवा, वर हलतं जाळं.

कपडे सुकवण्याचा प्रसंग. मूळ कादंबरीत दोघंही विवस्त्र होतात, आणि ते इतकं स्वच्छ लिहिलंय की वाचताना ओशाळायला होत नाही. गावच्या मंचावर ते दाखवता येणार नाही, आणि सूचकतेच्या नावाखाली अर्धवट दाखवलं तर ते मूळ प्रसंगापेक्षा जास्त अश्लील होईल. माझी सूचना अशी. ती त्याला डोळे मीट म्हणते. त्याला प्रेक्षकांकडे तोंड करून बसवा, डोळे मिटून, शेकोटीच्या उजेडात. ती त्याच्या मागे, अंधारात. तिचा फक्त आवाज, आणि लुगड्याचा पदर पिळल्यावर पाणी पडतं त्याचा आवाज. आम्ही पूर्ण वेळ त्याचा चेहरा बघू. अठरा वर्षांचा मुलगा डोळे मिटून ठेवायचा शब्द पाळतोय. याहून मोठा प्रेमप्रसंग मला सुचत नाही.

समुद्र. निळं कापड हलवू नका. कृपा करा. समोरच समुद्र असलेल्या गावात निळ्या कापडाला कोणी समुद्र म्हणणार नाही.

ओळीबाहेर

चेहऱ्याचं पटलं. फक्त मूळ प्रसंगात तो झोपेतून जागा होतो तेव्हा ती आधीच कपडे सुकवत असते, आणि तो क्षणभर बघतो. तो क्षण गाळू नका, नाहीतर तो फारच शहाणा मुलगा होईल. बघतो, पकडला जातो, आणि मग डोळे मिटतो. पकडलं गेल्यानंतरच्या शब्दाला वजन आहे.

आता मला बुड्या मारणाऱ्या बायकांबद्दल बोलायचंय, कारण भरतीवेळ यांच्या सारांशात तो प्रसंगच नाही आणि माझ्या मते कादंबरीचं काळीज तिथे आहे. एक म्हातारा फेरीवाला बेटावर हातपिशव्या विकायला येतो. बायका हरखतात. मग स्पर्धा लागते, जी जास्त शिंपले काढेल तिला पिशवी. हात्सुए जिंकते आणि ती पिशवी नेऊन शिंजीच्या आईला देते. आईने तिच्याविषयी मनात जे धरलं होतं ते तिथे गळून पडतं. एकही प्रेमाचं वाक्य नाही, पण सासू-सुनेचं नातं तिथेच जुळतं.

कोकणात बायका तशा बुड्या मारत नाहीत. पण मी खाडीकाठी वाढले. ओहोटीला आई आणि मावश्या तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, काढायला उतरत. गुडघाभर, कधी छातीभर पाण्यात. पायाच्या बोटांनी चिखलात चाचपायचं, लागलं की वाकून काढायचं, कमरेला बांधलेल्या टोपलीत टाकायचं. खडकावरची कालवं काढताना बोटं कापत, आणि मिठाच्या पाण्यात कापलेलं बोट काय झोंबतं ते अजून आठवतं. स्पर्धा तिथे लावा. वेळ मोजायला घड्याळ नको, भरती लागली की संपली. पाणी घोट्यावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून कमरेवर, आणि एकेक बाई बाहेर पडते. शेवटी दोघी उरतात, हात्सुए आणि शिंजीची आई.

बक्षीस हातपिशवी नको, छत्री ठेवा. मेअखेर आहे, पाऊस दारात आहे, आणि विधवा आई अजून इरलं घेऊन फिरते.

जुनं_गलबत

छत्री. वा. माझ्या आईला पहिली छत्री मिळाली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पाऊस नसताना तिने ती अंगणात उघडून बघितली होती.

कागदपत्र

सगळं छान चाललंय, पण कुणीतरी हे लिहायलाच हवं. हक्क घेतलेत का?

मिशिमा यांचं निधन २५ नोव्हेंबर १९७० ला झालं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं धरतात, म्हणजे इथे ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हक्क वारसांकडे. जपानी लेखक असला तरी आंतरराष्ट्रीय करारामुळे इथे संरक्षण आहे. तुम्ही वेदरबींच्या भाषांतरावरून काम केलं तर भाषांतराचा हक्क आणखी वेगळा. हौशी मंडळाने फुकट प्रयोग केला तर कायद्यात सूट आहे हे खरं, पण ती प्रयोग करण्यापुरती. कादंबरीचं नाटकात रूपांतर करणं हा स्वतंत्र हक्क आहे. गाव बदललं, नावं बदलली, छत्री आणली, तरी ते रूपांतरच.

नाटक तिकिटावर करायचं असेल किंवा राज्य नाट्यस्पर्धेत द्यायचं असेल तर संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाईल, तिथे हा प्रश्न निघेलच. पण तिथे निघतो म्हणून नव्हे, ज्याच्याकडून घेतलं त्याला विचारावं म्हणून विचारा. प्रकाशकाच्या हक्क विभागाला पत्र लिहा, मंडळ हौशी आहे, प्रयोग किती, प्रेक्षक किती, सगळं खरं लिहा. लहान मंडळांना परवानगी मिळते. वेळ लागतो.

भरतीवेळ

हे मला सुचलंच नव्हतं. पत्र लिहितो. पण परवानगी नाही आली तर?

ओळीबाहेर

तर मिशिमा जिथे गेले तिथे तुम्हीही जा. ते १९५२ साली ग्रीसला गेले होते, आणि 'शिओसाई' त्यांनी लाँगस या ग्रीक लेखकाच्या 'डाफ्निस आणि क्लोई' वरून रचली. ती साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली, लेस्बॉस बेटावरची. एक शेळ्या राखणारा, एक मेंढ्या राखणारी, दोघांना प्रेम म्हणजे काय तेच ठाऊक नाही. ऋतूंमागून ऋतू जातात आणि ते शिकत जातात. तिच्यावर कुणाचाही हक्क नाही. तीत एक प्रसंग तर तुमच्याच गावचा आहे. शहरातली श्रीमंत पोरं नाव घेऊन येतात, नाव कोवळ्या फांदीच्या वळलेल्या दोरीने बांधतात, शेळी ती दोरी खाते, आणि नाव वाहून जाते. भांडण डाफ्निसच्या गळ्यात.

पण मला मनापासून वाटतं की तुम्ही 'शिओसाई'च करावी, विचारून. डाफ्निस आणि क्लोई काम करतात ते खेळल्यासारखं. शिंजी आणि हात्सुए पोटासाठी काम करतात. तुमचा पहिला प्रश्न तिथेच होता.

पायपेटी

दोर! नाव दोरीने बांधलेली, गलबताचा दोर तुटलेला, पोरगा दोर घेऊन पोहतोय. अहो, मग रापण कुठे गेली?

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. ती ओढताना किनाऱ्यावर दोन दोर येतात, दोन्हीकडे वीस-पंचवीस माणसं, म्हातारी, पोरं, बायका, सगळी ओळीने. मासळीत ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. आणि रापण ओढताना माणसं काय करतात? बोलतात! गावातली प्रत्येक बातमी त्या दोरावरून पुढे जाते. भरतीवेळ, तुमचा प्रेक्षक बोलणं मागतो ना? द्या. गाव बोलू दे. दीपगृहवाल्याच्या मुलीने दोघांना मनोऱ्यावरून उतरताना बघितलं, ती बातमी दोराच्या एका टोकाला सांगा, आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिचं काय होतं ते दाखवा. चुरचुरीत मालवणीत. हसवा लोकांना. आणि त्याच ओळीत शेवटचा शिंजी उभा आहे. बातमी त्याच्यापर्यंत येते, आणि तो ओढत राहतो. तो गप्प का आहे हे मग कुणाला विचारावं लागणार नाही.

तिसऱ्या विंगेतून

आणि वादळात तोच दोर. पहिल्या अंकात ज्यावरून अफवा आली तोच त्याच्या कमरेला. दुसरं टोक प्रेक्षकांत जाऊ दे. पहिल्या रांगेतल्या माणसांच्या हातात. निळं कापड नको म्हणालो होतो, समुद्र असा करा. लोक ओढतील, तो ओढेल, मध्ये ताण. प्रकाश मी फक्त दोरावर देईन.

भरतीवेळ

मला शेवट दिसला. तो किनाऱ्याला लागतो, दोर बांधतो, सगळं गाव उभं राहतं, आणि रात्री जे एकट्याने घातलं होतं त्या गाऱ्हाण्याला आता सगळे एकदम म्हणतात, "व्हय म्हाराजा!" पडदा.

ओळीबाहेर

नाही. माफ करा, हा शेवट मी होऊ देणार नाही, निदान वादाशिवाय नाही.

कादंबरीचं शेवटचं पान पुन्हा काढा. शिंजी परत आलाय, लग्न ठरलंय, दोघं दीपगृहावर आहेत. वादळात तो हात्सुएचा फोटो जवळ बाळगून होता. तिला वाटतं, आपल्या फोटोने त्याला तारलं, आणि तिच्या डोळ्यांत अभिमान आहे. त्याला मात्र ठाऊक आहे की त्या रात्री त्याला तारलं ते त्याच्या स्वतःच्या बळाने. कादंबरी तिथे संपते. तो फक्त भुवया उंचावतो. देवही नाही, प्रेमही नाही, त्याचे स्वतःचे हात. तुमच्या "व्हय म्हाराजा"ने तुम्ही ते सगळं देवाच्या आणि गावाच्या पदरात टाकताय. टाळ्या पडतील, पण मुलगा हरवेल.

पायपेटी

ताई, पण आपल्याकडे गाऱ्हाणं फळलं तर देवाचं नाव घेतल्याशिवाय माणूस घरी जात नाही. प्रेक्षक त्या "व्हय"ची वाट पहिल्या अंकापासून बघतोय. तो दिला नाही तर तो उपाशी जाईल. जपानी बेटावर जे खरं ते आमच्या जत्रेत खरं असेलच असं नाही.

ओळीबाहेर

मग दोन्ही ठेवा. गाव म्हणू दे. तो म्हणणार नाही.

जुनं_गलबत

मी यात बोलतो. माझे वडील एकदा वादळातून परत आले होते. गावाने देवळात नारळ दिला, गाऱ्हाणं झालं, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. वडील हात जोडून उभे होते. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांचे ओठ हलले नाहीत. घरी आल्यावर आईने विचारलं, गप्प का होतात? म्हणाले, "हात दुखतत." दुसऱ्या दिवशीही ते देवळात गेले, रोजच्यासारखे. देवावर राग नव्हता. पण त्या रात्रीचं जे होतं ते त्यांना कुणालाच द्यायचं नव्हतं.

पायपेटी

झाला. शेवट मिळालो.

भरतीवेळ

काल रात्री दहा जणांना घेऊन किनाऱ्यावर बसलो. सगळा धागा वाचून दाखवला. जुनं_गलबत काकांचं शेवटचं वाचल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

ठरलं ते असं. परवानगीचं पत्र इंग्रजीत लिहून प्रकाशकाकडे पाठवलं, इथल्या प्रयोगांचा आणि प्रेक्षकांचा खरा आकडा देऊन. उत्तर येईपर्यंत जाहीर प्रयोग नाही, जाहिरात नाही, फक्त दोराचा आणि तिसऱ्यांचा सराव, तोही चार भिंतींत. उत्तर नाही आलं तर शेळी आणि वाहून गेलेली नाव घेऊन आमची स्वतःची गोष्ट लिहू. काळ १९५४ चा. निवेदक नाही. यासुओ आहे तेवढाच. हात्सुएची वाक्यं पहिल्या अंकात अकराची चौतीस झाली आहेत, आणि तिसऱ्यांच्या स्पर्धेत मंडळातल्या सात बायका उतरणार. त्यातल्या तीन खरोखर तिसऱ्या काढतात, त्या बाकीच्यांना पाय कसा टाकायचा ते शिकवतायत.

काल रापणीचा दोर म्हणून मंडळातला नायलॉनचा दोर घेतला आणि दोन्हीकडे पाच-पाच जण उभे केले. बातमी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सोडली. शिंजी करणारा पोरगा शेवटी उभा होता. बातमी त्याच्यापर्यंत आली तेव्हा त्याने काहीच केलं नाही, फक्त दोराला एक वळसा मनगटाभोवती जास्त घेतला. मी सांगितलेलं नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाला, होडीवर राग आला की असाच घेतो.

एकच अडचण राहिली. नायलॉनचा दोर ओढताना आवाज करत नाही. १९५४ च्या रापणीला तो शोभणारही नाही. देवगड-मालवण पट्ट्यात कुणाकडे जुना काथ्याचा दोर पडून असेल, जाड, पन्नास हात तरी, भिजवला तरी चालणारा, तर कळवा. आम्ही येऊन घेऊन जाऊ आणि प्रयोग झाल्यावर वाळवून परत आणून देऊ.